कार्बन रेस सायकल: कुठला ग्रॅम कुठे खर्च करायचा

प्रश्न असा आहे: एकच रोड सायकल हलकीही आणि एरोही (म्हणजे हवेला कमी अडणारी) कशी करतात, त्यात व्यावसायिक सायकलपटूंचा खरंच हात असतो का, की ते फक्त जाहिरातीतले चेहरे? मी कार्बन फ्रेमची थररचना आणि चाचण्या यांवर काम करतो, रेस टीमच्या लोकांसोबतही बसतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: वजन आणि एरो यांचं भांडण वाटतं तितकं मोठं नाही. मूळ भांडण एरो आकार आणि फ्रेमचा ताठपणा यांच्यात आहे, आणि त्याची भरपाई वजनातून करावी लागते. प्रो सायकलपटू सायकल डिझाइन करत नाहीत. पण आमच्या आकड्यांतून निसटलेली गोष्ट त्यांच्या हातापायांना कळते. ती त्यांच्याकडून नीट काढून घेणं हे आमचं काम.

आधी हिशेब. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. रायडर आणि सायकल मिळून सीडीए, म्हणजे समोरचं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा विरोध-गुणांक, ०.३० चौरस मीटर धरा. ताशी ४५ किमीला सुमारे ३५० वॅट नुसत्या हवेला जातात, ४० किमीला अडीचशेच्या आसपास, आणि २० किमीला जेमतेम ३०. आता वजनाची बाजू. ८ टक्के चढावर ताशी २० किमीने जाताना एक जादा किलो सुमारे ४.३ वॅट मागतो, म्हणजे ३०० ग्रॅमला १.३ वॅट. सपाटीवर ४५ किमीच्या वेगाला सीडीएतला फक्त एक टक्का ३.५ वॅट देऊन जातो, पण त्याच ८ टक्के चढावर तो ०.३ वॅटवर येतो.

समजा एका फ्रेमने ३०० ग्रॅम वाचवले आणि दुसरीने सीडीएतला एक टक्का. ७० किलोचा सायकलपटू, सायकल आणि बाटल्या मिळून ८ किलो, शक्ती ४०० वॅट. हिशेब मांडला तर साधारण ४ टक्के चढावर दोन्ही फ्रेम बरोबरीत येतात. त्याहून सौम्य रस्त्यावर एरो फ्रेम पुढे, तीव्र चढावर हलकी फ्रेम पुढे. २०० वॅटने चालवणाऱ्या हौशी माणसासाठी ही सीमा अडीच टक्क्यांच्या आसपास उतरते, कारण तो चढावर आणखी हळू जातो. समोरून वारा असेल तर सीमा वर सरकते, गटाच्या आडोशाला असाल तर खाली. शेवटचा मुद्दा प्रोंच्या बाबतीत महत्त्वाचा आहे, कारण टीमचा मुख्य सायकलपटू दिवसाचा बराच वेळ दुसऱ्यांच्या मागेच घालवतो. त्याला स्वतःला हवा कापावी लागते ती शेवटच्या काही किलोमीटरमध्ये, आणि निकाल तिथेच लागतो.

या सगळ्यात फ्रेमचा वाटा केवढा, तेही सांगायला हवं. हवेच्या एकूण विरोधातला सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग रायडरच्या शरीराचा असतो. उरलेल्यात चाकं, हँडलबार, फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाया), फ्रेम, बाटल्या सगळं आलं. हँडलबार अरुंद केला आणि कोपर आत घेतलं तर जे मिळतं ते कुठल्याही नव्या फ्रेमने मिळत नाही. प्रो लोकांनी ते इतकं ताणलं की यूसीआयला, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेला, २०२६ पासून रोड रेससाठी हँडलबारची किमान रुंदी, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, ४०० मिमी ठरवावी लागली.

नियमांचा विषय निघालाच आहे. रेसमधली सायकल ६.८ किलोहून हलकी चालत नाही. हा आकडा २००० सालापासून तसाच आहे. रिम ब्रेकच्या शेवटच्या वर्षांत काही सायकलींना मेकॅनिक मुद्दाम वजन लावत असत. मग २०१८ मध्ये डिस्क ब्रेकना रोड रेसमध्ये कायमची परवानगी मिळाली, चाकांच्या रिम खोल झाल्या, टायर रुंद झाले आणि बहुतेक एरो सायकली पुन्हा सात किलोच्या वर गेल्या. म्हणून आज फ्रेममधून काढलेले शंभर ग्रॅम वाया जात नाहीत. दहा वर्षांपूर्वी ते बऱ्याचदा जात. आकारालाही मर्यादा आहेत. फ्रेमच्या नळ्या ८ सेंटीमीटर रुंदीच्या चौकटीत बसाव्या लागतात. पूर्वी नळीची किमान जाडी २.५ सेंटीमीटर होती आणि लांबी-जाडीचं प्रमाण ३:१ च्या आत ठेवावं लागे. २०२१ पासून किमान जाडी १ सेंटीमीटरवर आली. त्यानंतर आलेल्या सायकलींचे हेड ट्यूब (फ्रेमची सर्वांत पुढची, फोर्क धरणारी नळी) आणि सीटपोस्ट (खोगिराचा दांडा) एकदम पात्यासारखे का दिसू लागले, त्याचं कारण हे.

हलकी आणि एरो अशा दोन वेगळ्या सायकली ठेवायच्या की एकच, यावर कंपन्यांचंही एकमत नाही. स्पेशलाइज्डने २०२० मध्ये दोन्ही कामं करणारी टारमॅक एसएल७ आणली आणि व्हेंज ही एरो सायकल बंद केली. ट्रेकने २०२४ मध्ये हलकी एमोंडा आणि एरो मडोन एकत्र केल्या. कोलनागोने मात्र उलट जाऊन २०२४ च्या अखेरीस वाय१आरएस ही वेगळी एरो सायकल काढली, आणि सर्व्हेलोने एरो एस५ आणि हलकी आर५ वेगळ्याच ठेवल्या आहेत. माझा कल एकाच सायकलीकडे आहे, आणि त्याचं कारण अर्धं टीमच्या ट्रकमधलं आहे. दोन मॉडेलं म्हणजे प्रत्येक रायडरच्या दुप्पट सायकली, दुप्पट सुटे भाग, आणि डोंगरातल्या टप्प्याआधी सवयीचा हँडलबार सोडून दुसरा धरायचा.

आता ते मूळ भांडण. पातळ भिंतीच्या बंद नळीचा पिळाला होणारा विरोध तिच्या आतल्या क्षेत्रफळाच्या वर्गावर अवलंबून असतो. ५० मिमी व्यासाची गोल नळी घ्या. तेवढ्याच परिघाची, तेवढ्याच जाडीची, म्हणजे तेवढ्याच वजनाची नळी ३:१ लंबवर्तुळाकार केली तर आतलं क्षेत्रफळ दोन-तृतीयांशावर येतं आणि पिळातला ताठपणा निम्म्याहून खाली. आडवा वाकही वाढतो. गेलेला ताठपणा परत मिळवायचा तर जादा थर लावा किंवा महाग धागा वापरा. पहिल्या पिढ्यांच्या एरो सायकली जड आणि तरीही पुढून लवचिक लागायच्या, त्यामागे हेच गणित होतं. त्यामुळे ‘एरो आकार द्यायचा का’ यापेक्षा ‘कुठे द्यायचा’ हा प्रश्न जास्त मोलाचा ठरतो.

उत्तर बरंचसं पुढच्या भागात आहे. हँडलबार, फोर्क, हेड ट्यूब आणि पुढचं चाक यांना स्वच्छ, न ढवळलेली हवा मिळते. सीट ट्यूबपाशी (खोगिराखालची उभी नळी) पोचेपर्यंत तीच हवा दोन फिरत्या पायांनी घुसळलेली असते. तिथे विमानाच्या पंखासारखी नळी बसवून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून पुढे आकारासाठी ग्रॅम खर्च करायचे आणि मागे ते वाचवायचे: सीट ट्यूब आणि सीटस्टे (तिथून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्या) बारीक, साधे, जवळपास गोल. टारमॅक एसएल८ कडे पाहिलं तर हे स्पष्ट दिसतं. हेड ट्यूबला पुढे काढलेलं नाक, मागचा भाग अगदी सडपातळ, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे वरच्या मॉडेलची फ्रेम ५६ साइझला ६८५ ग्रॅम.

पंखाचे तयार आकार उचलून लावताही येत नाहीत. सायकलच्या नळीची लांबी सहा सेंटीमीटर, वेग सेकंदाला १२.५ मीटर, यातून रेनॉल्ड्स क्रमांक (आकार आणि वेगावरून हवेचा प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) ५०,००० च्या घरात येतो. विमानाच्या पंखाला तो लाखांत, कोटींत असतो. इतक्या कमी आकड्याला प्रवाह पृष्ठभागापासून लवकर सुटतो. त्यात बाजूचा वारा. रस्त्यावर रायडरला लागणारी हवा बहुतेक वेळ समोरून दहा अंशांच्या आतच तिरकी येते, पण ती तिरपी येतेच. लांब शेपटीची नळी शून्य अंशाला छान आकडा देते आणि जरा तिरका वारा आला की बिथरते. म्हणून शेपटी कापलेला आकार: पुढून पंख, मागून सपाट. यामागचं तत्त्व वुनिबाल्ट काम या जर्मन अभियंत्याने मोटारींसाठी १९३० च्या दशकात मांडलं होतं. सायकलीला त्याचे दोन फायदे झाले. तो जुन्या ३:१ नियमात बसत होता, आणि कापलेल्या शेपटीमुळे परीघ कमी लागत असल्याने वजनही वाचत होतं.

विंड टनेलबद्दल थोडक्यात, कारण त्याच्या गोष्टी सगळीकडे वाचायला मिळतात. तिथला आकडा तुलनेपुरता विश्वासार्ह असतो. तोही तेव्हा, जेव्हा एक ठरावीक जुनी सायकल दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी पुन्हा मोजून आकडा जुळतो का ते पाहिलेलं असतं. जिवंत रायडर बसवला की त्याच्या डोक्याची उंची दोन-तीन सेंटीमीटर बदलली तरी फ्रेममधला सगळा फरक बुडून जातो. म्हणून फ्रेमसाठी पुतळा, शक्यतो पाय फिरवणारा, आणि बसण्याच्या पवित्र्यासाठी खरा माणूस. बाटल्या लावूनच मोजायचं. बाटल्यांशिवाय जिंकलेली फ्रेम रेसमध्ये कोणी तशी चालवत नाही.

कार्बनच्या कामावर मला जास्त बोलावंसं वाटतं, कारण तिथे खरी कारागिरी आहे आणि तीच कॅटलॉगमध्ये एका ओळीत उरकली जाते. कच्चा माल म्हणजे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या राळेत) भिजवलेल्या कार्बन धाग्यांचे पातळ ताव. रेझिन अवेळी घट्ट होऊ नये म्हणून ते उणे १८ अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात. त्यातून यंत्राने तुकडे कापले जातात, एका फ्रेमसाठी काहीशे. प्रत्येक तुकड्याला आकार, जागा, क्रम आणि धाग्याची दिशा ठरलेली. नळीच्या लांबीच्या दिशेचे धागे वाक सांभाळतात, ४५ अंशांचे पीळ सांभाळतात, आडवे धागे नळी चेपू देत नाहीत. एक थर मिलिमीटरच्या दशांशाएवढा, आणि हलक्या फ्रेमची भिंत बऱ्याच ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर. म्हणजे सगळा खेळ सात-आठ थरांत.

आता दिशा चुकली तर काय होतं ते पाहा. नेहमीच्या धाग्याचा एकटा थर त्याच्या दिशेपासून फक्त १० अंश तिरका खेचला तर त्याचा ताठपणा सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. शेजारचे तिरके थर त्यातलं बरंच सावरून घेतात, तरी संगणकात काढलेली फ्रेम आणि हाताने थर लावलेली फ्रेम यांच्यात फरक पडतो तो बहुधा इथूनच. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या जागेच्या) वळणावर आणि हेड ट्यूबच्या सांध्यात सपाट ताव दुहेरी वक्र पृष्ठभागावर बसवायचा असतो, तिथे धागा आपली दिशा सोडतो किंवा सुरकुती धरतो. म्हणून आम्ही पहिल्या फ्रेम करवतीने कापतो, कडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. सुरकुती दिसली, रेझिनचं तळं दिसलं, हवेचे बुडबुडे दिसले की तिथला तुकडा दोन भागांत कापतो किंवा क्रम बदलतो. कित्येकदा वजन कमी होतं ते अशा सफाईतून, महागड्या धाग्यातून नव्हे. आतून दाब देणाऱ्या फुग्याऐवजी घट्ट गाभ्यावर थर गुंडाळून साच्यात दाबले तर भिंत दाट आणि एकसारखी येते. मग ‘असू दे सुरक्षिततेसाठी’ म्हणून लावलेला जादा थर काढता येतो.

धाग्यांबद्दल बराच गैरसमज आहे. तोरे या कंपनीच्या टी७०० धाग्याचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, २३० गिगापास्कल, टी८०० चा २९४, एम४०जे चा ३७७, एम६०जे चा ५८८. वर वर जाताना तुटण्याआधी ताणलं जाण्याची मर्यादा मात्र घटते: टी७०० साधारण २ टक्के ताणला जातो, एम६०जे पाऊण टक्क्याच्या आतच तुटतो. सगळी फ्रेम सर्वांत ताठ धाग्याची केली तर ती प्रयोगशाळेत सुंदर आकडे देईल आणि पहिल्या पडण्यात संपेल. जिथे ताठपणा हवा पण आघात येत नाही अशा पट्ट्यांत तो धागा घालायचा. हेड ट्यूब, फोर्कचा वरचा भाग, सीट क्लॅम्प इथे चिवट धागाच बरा. ‘अमुक टनाचा कार्बन’ (इथे टन म्हणजे मॉड्युलसच) अशी जाहिरात दिसली तर त्यातून जवळपास काहीच कळत नाही. तो कुठे आणि किती वापरला हे कोणी छापत नाही. आणि हो, रंग. जाड, अनेक थरांचा चमकदार रंग शंभर ग्रॅमच्या आसपास सहज जातो. आम्ही एका सांध्यातले आठ ग्रॅम काढायला आठवडे घालवतो आणि मार्केटिंगचे लोक एका सुंदर लाल छटेत ते दहापट परत घालतात.

आता प्रो सायकलपटू. त्यांना ‘सायकल कशी वाटली?’ असं विचारलं की ‘चांगली आहे’ एवढंच उत्तर येतं. करार टीमचा, सायकल प्रायोजकाची, समोर कंपनीची माणसं बसलेली. दुसरं काय बोलणार? प्रश्न बारीक करावा लागतो. त्या उतारावरच्या दुसऱ्या वळणाला ब्रेक कधी सोडला? उभं राहून जोर लावताना चेन पुढच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) घासल्याचा आवाज आला का? खडबडीत रस्त्यावर हात हँडलबारच्या वरच्या भागावर होते की खाली? अशा प्रश्नांना ते खरं उत्तर देतात, कारण तिथे मत मागितलेलं नसतं, आठवण मागितलेली असते. आणि मेकॅनिक शेजारी असेल तर आणखी मोकळं बोलतात.

चाचणीची आमची पद्धत अशी. एकाच साच्यातून काढलेल्या, पण आत वेगळी थररचना असलेल्या फ्रेम घ्यायच्या. सगळ्यांना सारखा काळा मॅट रंग, नाव नाही, खूण नाही. तेच चाक, तोच टायर, तोच दाब, खोगिराची उंची मिलिमीटरपर्यंत सारखी. प्रो माणसाला दोन-तीन मिलिमीटरचा फरक लगेच जाणवतो आणि मग तो फ्रेमबद्दल नव्हे तर खोगिराबद्दल बोलू लागतो. त्यात एक फ्रेम न सांगता पुन्हा द्यायची. तीच फ्रेम सकाळी ‘चपळ’ आणि दुपारी ‘सुस्त’ वाटली, तर त्या रायडरच्या बाकीच्या शेऱ्यांचं वजन किती धरायचं ते कळतं. काही रायडर यात थक्क करतात, प्रत्येक वेळी अचूक ओळखतात. ते सहसा सर्वांत प्रसिद्ध नावांपैकी नसतात. इतरांना ओढत नेणारे, तासन्‌तास एका लयीत चालवणारे लोक चांगले परीक्षक ठरतात असा माझा अनुभव आहे.

रायडर जे सांगतो ते खरं असतं, पण त्याचं कारण म्हणून तो जे सांगतो ते बरेचदा चुकीचं असतं. ‘पुढचा भाग मऊ आहे’ या एका वाक्यामागे हँडलबारचा पीळ असू शकतो, फोर्क, हेडसेटचा (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगचा) सैलपणा, टायरमधला दाब, किंवा बॉटम ब्रॅकेट वाजवीपेक्षा जास्त ताठ झाल्याने पुढचा भाग तुलनेने मऊ भासणं. शेवटचं कारण मी पुष्कळदा पाहिलं आहे. १,५०० वॅटच्या वर जोर लावणारा स्प्रिंटर एका पायाने पेडल दाबताना त्याच बाजूचा हँडलबार वर खेचतो; फ्रेम त्या दोन जोरांच्या मधे पिळली जाते. मागचा ताठपणा वाढवून पुढचा तसाच ठेवला तर सायकल त्याला दोन तुकड्यांची वाटते. इथे फ्रेमला आणखी थर लावणं हा उपाय नसतो. उलट बॉटम ब्रॅकेटपाशी थोडा ताठपणा सोडला तर तक्रार जाते आणि वजनही. दुसरीकडे ६० किलोचा चढवीर त्याच फ्रेमवर खडबडीत उतारावर उडत राहतो, चाक जमिनीला धरत नाही. दोघांना एकच थररचना देणं अवघड. प्रत्येक साइझची थररचना वेगळी केली तर निम्मा प्रश्न सुटतो, कारण हलके रायडर बहुधा लहान साइझवर असतात. उरलेला निम्मा टायर सोडवतो.

टायरवरून सांगतो: वेगाच्या जाणिवेबद्दल प्रोंवर विश्वास ठेवू नका. अरुंद टायरमध्ये खच्चून हवा भरली की सायकल गुणगुणते, हात झिणझिणतात, आणि ते मेंदूला वेग वाटतं. मोजलं तर खऱ्या रस्त्यावर रुंद टायर कमी दाबाला कमी शक्ती खातो. पेलोटॉन (रेसमधला मुख्य घोळका) २३ मिमीवरून २५, मग २८ आणि आता काही वेळा ३० वर आलं, पण प्रत्येक पायरीला जुन्या पिढीने विरोध केला. आज फ्रेमच्या डिझाइनवर याचा थेट परिणाम होतो. रुंद टायरला फोर्क आणि चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) जागा लागते, ती दिली की फोर्कचे पाय दूर जातात, आणि मग एरोचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. उभ्या दिशेचा आराम फ्रेमने द्यावा अशी अपेक्षाही त्यामुळे मावळली. तो टायर आणि सीटपोस्ट देतात.

भूमितीत मात्र रायडरचा शब्द अखेरचा मानावा. ७३ अंशांचा हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन), ४५ मिमीचा फोर्क रेक (चाकाचा आस वळण्याच्या अक्षापासून किती पुढे) आणि २८ मिमी टायर असेल तर ट्रेल (तो अक्ष जमिनीला भेटतो तिथून टायर किती मागे टेकतो) सुमारे ५७ मिमी येतो. ही चपळ पण थरथर न करणारी सायकल. लहान साइझला हेड अँगल ७१ वर नेला आणि फोर्क तोच ठेवला तर ट्रेल ६९ वर जातो, आणि सायकल वळणात अडून बसते. रेक ५३ केला की तो पुन्हा ६१ च्या आसपास येतो. पण वेगळा रेक म्हणजे फोर्कचा वेगळा साचा, आणि साचे महाग. खर्च वाचवायला इथेच कात्री लागते. मोठ्या साइझवरचे रायडर खूश, कॅटलॉगमधला फोटो ५६ चा, आणि ४९ वाला बिचारा ग्राहक उतारावर घाबरतो. महिलांच्या टीम विकासात नीट सामील झाल्या तेव्हा हा घोटाळा उघडा पडू लागला, कारण लहान साइझ रेसच्या वेगाने उतारावर चालवणाऱ्या रायडर प्रथमच मोजणीला मिळाल्या.

एका बाबतीत प्रो लोक दिशाभूल करतात. ते बहुतेक आपल्या उंचीपेक्षा लहान फ्रेम आणि लांब स्टेम (हँडलबार फोर्कला जोडणारा दांडा) घेतात, खूप खाली वाकून बसतात. त्यांच्या मापाने फ्रेम काढली तर विकत घेणारा माणूस तिच्यावर वीस मिनिटं बसू शकणार नाही. आणि यूसीआयचा नियम आहे की रेसमधली सायकल बाजारात मिळायला हवी; प्रोटोटाइपला परवानगी मिळते तीही मुदतीपुरती. म्हणून हेड ट्यूबची उंची ही कायमची तडजोड असते, आणि तिथे मी रायडरच्या विरोधात मत देतो.

मेकॅनिकला या कामात सायकलपटूइतकाच मान हवा. ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून आत नेल्या की काही वॅट मिळतात, पण खालचं बेअरिंग बदलायला ब्रेकची नळी सोडवायची, तेल भरायचं, हवा काढायची. रोज रात्री पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्या जाणाऱ्या सायकलींवर हे काम वारंवार येतं. एकसंध हँडलबार-स्टेम असेल तर एक सेंटीमीटर बदलायलाही सगळा भाग बदला. दाबून बसवायचे बॉटम ब्रॅकेट कुरकुरत, म्हणून मेकॅनिक आट्यांचे (फिरवून बसवायचे) मागत राहिले. स्पेशलाइज्डने एसएल७ मध्ये आट्यांचा बॉटम ब्रॅकेट परत आणला. काही ग्रॅम वाढले, आणि माझ्या मते ते त्या सायकलीवरचे सर्वांत शहाणे ग्रॅम होते.

मजबुतीचा भाग रुक्ष आहे, तरी टाळता येत नाही. सायकलींच्या सुरक्षिततेच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात रेस सायकलच्या फ्रेमला पेडलच्या जागी १,१०० न्यूटनचा भार एक लाख वेळा सोसावा लागतो, शिवाय आघाताच्या चाचण्या वेगळ्या. हे किमान आहे. रेसमध्ये नळ्या क्वचित मोडतात. मोडतात ते सांधे आणि पकडीच्या जागा. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत सायकलपटू जॉर्ज हिनकॅपीच्या फोर्कची स्टीयरर नळी (हेड ट्यूबमधून वर जाणारी) तुटून तो खाली आला. ती ॲल्युमिनियमची होती. २०२१ च्या ल सामँमध्ये माथ्यू व्हान डर पूलचा हँडलबार शर्यतीतच तुटला आणि कंपनीला ते मॉडेल न चालवण्याची सूचना ग्राहकांना द्यावी लागली. दोन्ही प्रसंग पुढच्या भागातले, आणि दोन्ही अशा जागचे जिथे ग्रॅम वाचवण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. म्हणून माझा नियम: हँडलबार, स्टेम, स्टीयरर आणि फोर्क यांचं वजन कमी करायचा प्रस्ताव आला की आधी त्या भागाला पाडायचं, हातोडीने ठोकायचं, बोल्ट प्रमाणाबाहेर आवळायचे, आणि मग थकव्याच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देण्याच्या, चाचणीला लावायचं. प्रो सायकलपटूची सायकल हंगाम संपला की बदलते. विकत घेतलेली तीच सायकल दहा वर्षं चालते, पडते, गाडीच्या टपावर बांधली जाते.

हे सगळं जुळून यायला दोन ते तीन वर्षं लागतात. शेवटी साचे पोलादात कोरले जातात, प्रत्येक साइझचा वेगळा, आणि त्यानंतर बाहेरचा आकार बदलता येत नाही. बदलता येतात फक्त आतले थर. यूसीआयच्या मान्यतेचा शिक्का फ्रेमवर लागल्यावर टीमला रेससाठी सायकली मिळतात. शब्दांवर माझा विश्वास कमी असल्याने मी मग एकच गोष्ट पाहतो: ट्रकमध्ये जुनी आणि नवी दोन्ही उभ्या असताना, कोणी सांगितलं नसताना, रायडर कठीण टप्प्याच्या सकाळी कोणती मागतो.

तुम्ही अशी सायकल घेणार असाल तर वजनाच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचारा: तुमच्या साइझला फोर्कचा रेक वेगळा आहे का, टायरला किती जागा आहे, आणि स्टेमची लांबी बदलायची तर ब्रेकची नळी कापावी लागते का. फ्रेमचे ग्रॅम कोणत्या साइझचे आणि रंगासकट की रंगाविना मोजलेत, हेही विचारा. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर तो आकडा सोडून द्या.